विनोदिनीचं गाऱ्हाणं

विनोदिनीला राग यायला फारसं काही लागत नाही, हे डिचोलीत कुणालाही विचारा. पण तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने व्हायोलिन केव्हाच माळ्यावर टाकून दिलं असतं, हेही तितकंच खरं.

दिवसभर ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसते. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ आलं, शेजाऱ्याने पंप लावून सगळं ओढलं, असं सांगत लोक येतात आणि तिच्यावर ओरडून जातात. ती ऐकते. मध्ये तोडत नाही, घड्याळाकडे बघत नाही, समोरचा पुरता रिकामा होईपर्यंत ऐकते. आणि घरी येऊन नवऱ्यासमोर पिशवी आपटून म्हणते, "अख्ख्या तालुक्याचं मी ऐकायचं, आणि माझं वीस मिनिटं कुणी ऐकत नाही मेलं!" जयवंत बिचारा चहा ठेवतो. त्याला हे पाठ झालं आहे.

ही वीस मिनिटं कसली, ते आधी सांगायला हवं. विनोदिनी 'चौतार' नावाच्या चौकडीत वाजवते. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून जरा मोठा एक व्हिओला आणि एक चेलो, म्हणजे उभं धरून बसून वाजवायचं ते मोठं वाद्य, एवढाच संसार. पहिलं व्हायोलिन सेजलचं, ती कॉलेजात शिकवते. व्हिओला अजयचा. तो मूळचा बेळगावकडचा, इथल्या औद्योगिक वसाहतीत मशीन चालवतो. चेलो परेशचा. दुसरं व्हायोलिन विनोदिनीचं. चौघं वाजवतात ते पाश्चात्त्य बाजाचं, पण दोनशे वर्षांपूर्वीचं नव्हे. आज हयात असलेल्या माणसांनी लिहिलेलं, कधी खरखरीत, कधी एकदम गप्प होणारं. आणि वाजवायचं ते पणजीच्या गारेगार सभागृहात नाही, तर जिथे असलं कुणी ऐकलेलं नाही तिथे जाऊन, शाळेत, बाजारात, देवळाच्या मांडावर, म्हणजे समोरच्या उत्सवाच्या अंगणात. ही कल्पना विनोदिनीचीच. त्यामुळे फजिती झाली की बोलणीही तिलाच बसतात.

फजितीला तोटा नव्हता. पेडण्याच्या एका शाळेत मुलं चांगली ऐकत होती, तर हेडमास्तरच उठून म्हणाले, "छान, आता एखादं ओळखीचं गाणं होऊ दे, मुलं कंटाळली असतील." मुलं कंटाळली नव्हती हो, हेडमास्तर कंटाळले होते! अजयच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सेजल इतकं हळू वाजवत होती की तारेवरून धनुकली सरकल्याचासुद्धा आवाज येऊ नये, आणि नेमका तेव्हाच पाळी बदलायचा भोंगा झाला. माणसं ताटं घेऊन उठली ती उठलीच. नार्व्याला नदीकाठच्या एका कार्यक्रमात मंडपवाल्याने चेलोच्या पायाखालची सतरंजी ओढून घेतली, कारण त्याला दुसरीकडे जायचं होतं. परेश वाजवत होता आणि हा खालून ओढत होता! काय म्हणावं अशा माणसाला?

सात वर्षं हे असं चाललं होतं. एकाही गावात त्यांचं वाजवणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत अखंड ऐकलं गेलं नाही.

त्यात विनोदिनीने स्वतःच एक रचना लिहिली, वीस मिनिटांची. नाव ठेवलं 'गाऱ्हाणं'. तिचे वडील कृष्णनाथ हे लाटंबार्शातल्या त्यांच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, पिढीजात गाऱ्हाणं घालणारे. म्हणजे कुठलंही शुभकार्य असो, आधी गावाच्या वतीने देवाला हाक मारायची, काय हवं ते स्पष्ट सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "म्हाराजा" म्हटलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा का देवासमोर व्हय म्हटलं की शब्द गेला. मग मागे फिरता येत नाही. विनोदिनी लहानपणापासून हे ऐकत आली. तिच्या रचनेत चेलो हाक मारतो, थांबतो, थोडा वेळ काहीच वाजत नाही, आणि मग बाकीची तिघं उत्तर देतात. ते मधलं काहीच न वाजणं हा तिचा जीव. पणजीतल्या एका जाणत्या बाईंनी नुसती लिहिलेली रचना वाचून त्याचं कौतुक केलं तेव्हा ती आठवडाभर तरंगत होती.

वडिलांना तिने काजूच्या बागेतल्या खोपीवर नेऊन, चौघांना समोर बसवून ते ऐकवलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "बरां वाजवतंस गो. पण ह्यात मागणां खंय आसा?"

"म्हणजे?"

"देवाक हाक मारलंस. परत मारलंस. परत मारलंस. आणि सांगलंस काय? कायच नाय. देव म्हणतलो, कित्या उठवलंस माका?"

विनोदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, हे संगीत आहे. त्यात पाण्याचा नळ मागायचा का मी?"

"नळ माग, नायतर आणि काय माग. पण गाऱ्हाणां म्हटलां तर मागूक व्हयां, आणि मागलां तर बदल्यात देऊक व्हयां," असं म्हणून ते काजूच्या बिया वाळत घालायला निघून गेले. तिने महिनाभर त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही.

आणि मग परेशने बॉम्ब टाकला. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात त्याला रोज संध्याकाळी चेलो वाजवायचं काम मिळत होतं. सिनेमाच्या चाली, पोहण्याच्या तलावाकाठी. रोज संध्याकाळी म्हटलं की तालमी संपल्या, गावोगावचे कार्यक्रम संपले, चौतार संपलं. चेलोशिवाय चौकडी कसली? डिचोलीच्या आसपास दुसरा चेलोवाला शोधायचा तर दिवा घेऊन फिरावं लागलं असतं.

"तिथे तरी कोण ऐकणार आहे तुझं?" विनोदिनी कडाडली. "लोक पोहत असतील!"

"पोहोत की," परेश थंडपणे म्हणाला. "तिथे ऐकणार नाहीत हे आधीच ठाऊक आहे. इथे दर वेळी आशा लागते, ती नको झालीय मला. हे बघ, तुमच्या वाड्यावरच्या देवळाच्या वर्धापनदिनाला येतो. तिथे जर हे वीस मिनिटांचं एकदा, फक्त एकदा, कुणी सलग ऐकलं तर मी राहतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याला हो म्हणून कळवतो."

म्हणजे सगळं आता लाटंबार्शाच्या त्या एका संध्याकाळवर आलं. विनोदिनीने पंधरवडाभर आधीपासून तयारी केली. उत्सव समितीचे गोकुळदास म्हणजे गावातले कायमचे निवेदक. माइक हातात आला की तो सोडवून घ्यायला दोन माणसं लागतात. त्यांच्या घरी ती तीनदा गेली. समजावलं, "गोकुळदासबाब, आमचं मध्ये मध्ये थांबतं. थांबलं म्हणजे संपलं नव्हे. मी स्वतः उठून नमस्कार केला की संपलं. तोवर तुम्ही जागचं हलायचं नाही."

"कळलां गो बाय, कळलां," गोकुळदास म्हणाले. "मी काय रानातसून आज आयलंय?"

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी जयवंतच्या टेम्पोतून चेलो उतरला. मांडावर माणसं तुडुंब होती आणि क्षणभर विनोदिनीचं काळीज सुपाएवढं झालं. मग तिच्या लक्षात आलं, ही गर्दी त्यांच्यासाठी नव्हतीच. नंतर दशावतारी नाटक होतं, त्याची जागा धरायला लोक आधीच चटया अंथरून बसले होते. बायका अबोलीचे वळेसर माळत होत्या, पोरं चटयांवरून कोलांट्या मारत होती, पुढच्याच रांगेत, लेकाबरोबर टेम्पोतून आलेली परेशची आई जानकी बाजूला बसलेल्या बाईला सुनेच्या कागाळ्या सांगत होती. परेशने विनोदिनीकडे असं काही पाहिलं की तिने मान फिरवली.

वाजवायला सुरुवात झाली. चेलोने पहिली हाक मारली आणि थांबला. ती शांतता आली तशी गर्दीतून कुणीतरी "काय झालां? तार तुटली?" म्हणून विचारलं. तिघांनी उत्तर दिलं. दुसरी हाक. थांबले. चटईवरच्या चारपाच जणांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. विनोदिनीने दात आवळले. तिसरी हाक, ही सगळ्यात लांब शांतता, आणि इतक्यात तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं की गोकुळदास उठले आहेत. एका हातात माइक, दुसऱ्या हातात शाल आणि नारळ.

"वा, वा, वा! अतिशय सुंदर असां व्हायोलिन वादन ह्या ठिकाणी संपन्न झालां," माइक दुमदुमला. "आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कलाकारांचो सत्कार—"

परेशने धनुकली खाली ठेवली. अगदी हळू, वाद्य पेटीत ठेवताना ठेवतात तशी.

विनोदिनीच्या मस्तकात काय गेलं ते तिलाच ठाऊक. ती उठली, तीन ढांगांत गोकुळदासांपाशी गेली आणि त्यांच्या हातातला माइक ओढून घेतला. लोक म्हणाले आता ही शिव्या घालणार. तिला घालायच्याही होत्या. पण तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं, ते आपल्यात आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

मांड गपकन शांत झाला. बाईमाणूस गाऱ्हाणं घालतंय, हे त्या वाड्यावर कुणी पाहिलं नव्हतं. पण कानांना कुठे कळतं बाई की बुवा? ते त्या एका शब्दाला बांधलेले.

"व्हय म्हाराजा!" मांड म्हणाला.

"आज ह्या तुझ्या मांडार तुझी चार लेकरां हातात वाद्यां घेऊन बसली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सात वर्सां ही गावोगाव फिरतत. शाळेत गेली, बाजारात गेली, कारखान्यात गेली. पण एका गावान त्यांचां सुरवातीपासून शेवटापर्यंत ऐकूक नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण मदीच टाळ्यो मारता. कोण सतरंजी ओढता. मी सांगून सांगून थकलंय तरी कोण मदीच नारळ घेऊन उठता, म्हाराजा!"

सगळ्यांच्या माना गोकुळदासांकडे वळल्या. ते बिचारे नारळ छातीशी धरून उभे. पण "म्हाराजा" कानी पडलं होतं, करणार काय? त्यांनीही म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"तर आज हय बसलेल्या लहानथोरांका अशी बुद्धी दी, की आमचां वाजवून पुरां होयसर एकान उठू नये, एकान बोलू नये, मोबाईलात बघू नये, टाळी मारू नये आणि नारळ हलवू नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांड दणाणला.

ती माइक ठेवायला वळली. तोच खांबापाशी बसलेल्या कृष्णनाथांचा आवाज आला. "पुरां कर गो. मागलंस. आता देतलंस काय? अर्धवट गाऱ्हाणां मांडार सोडू नये."

आता हे काय मध्येच! पण रागात असलेल्या माणसाला थांबून विचार करायला कुठे फावतं? तिने पुन्हा माइक तोंडाशी नेला. "आणि तां झालां तर दर वर्सा ह्याच दिसा आमी चौघांय हय येऊन वाजवतलों, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ती जागेवर जाऊन बसली. परेशने तिच्याकडे पाहिलं, समोर आईकडे पाहिलं, आणि धनुकली उचलली. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

आणि कुणी हललं नाही. खोटं नाही सांगत. देवासमोर व्हय म्हणून बसलेली माणसं ती. एका पोराला खोकला आला तर आजीने पदर त्याच्या तोंडावर दाबला. फटाक्यांचं दारूकाम करणाऱ्या शंभूने पेटवायला घेतलेली काडी फुंकून टाकली. गोकुळदास नारळ मांडीवर घेऊन असे बसले होते की माशी बसली तरी हाकलत नव्हते. पहिल्या शांततेत देवळामागच्या माडांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या शांततेत तोही नाही. तिसरी, ती सगळ्यात लांब, आली आणि आपोआप सरून गेली, आणि विनोदिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. हनुवटीखाली व्हायोलिन ओलं झालं.

मग मात्र एक विचित्र गोष्ट झाली. एवढी माणसं खरोखर ऐकत आहेत म्हटल्यावर तीही ऐकू लागली, त्यांच्या कानांनी. आणि बाराव्या-तेराव्या मिनिटाला तिला स्वच्छ कळलं, की मधला भाग लांबलाय. चेलो तेच तेच म्हणतोय. हाक मारतो, परत मारतो, आणि सांगत काहीच नाही. म्हातारा खोपीवर बोलला होता ते हेच. लोक दर वेळी मध्येच तोडत होते म्हणून तिला हे कधी समजलंच नव्हतं. आणि आता थांबताही येईना! समोर अख्खा वाडा जीव मुठीत धरून ऐकतोय, चटईवर पाय अवघडलेत, आणि पुढे अजून सात मिनिटं बाकी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वाजवलं. चौघांनी शेवटपर्यंत वाजवलं.

शेवटची हाक चेलोची होती, आणि तिला उत्तर नव्हतं. चौघांच्या धनुकल्या हवेत थांबल्या. संपलं.

टाळी नाही. कुजबुज नाही. कुणाला कळेचना संपलं की थांबलं. आणि देवासमोर शब्द दिलेला, चुकून आधी हललो तर? सगळे तसेच. विनोदिनीने उठून नमस्कार करायचा होता, पण ती ओलं व्हायोलिन पदराने पुसत बसली. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मागच्या चटईवरून गंगामावशी घाबरत घाबरत, हळूच म्हणाली, "संपलां काय गो बाय?"

"संपलं मावशी," विनोदिनी म्हणाली. "संपलं."

मग जो काही टाळ्यांचा पाऊस पडला! त्यात आनंद किती आणि सुटकेचा निःश्वास किती, ते विचारू नका. बायकांनी पाय पसरले, पोरं सुटल्यासारखी धावली, गोकुळदासांनी एकदाचा तो नारळ देऊन टाकला. नाटकवाले राजाचा मुकुट घेऊन मागे उभेच होते.

मांडाच्या कडेला परेशने आईला गाठलं. "आई, तू कशाला व्हय म्हटलंस? 'चौघांय' म्हटली ती. त्यात मी आलो!"

"सगळ्यांनी म्हटलां, मी पण म्हटलां," जानकी म्हणाली. "देवासमोर मी गप बसतलंय? आता खंय जातलंस तो जा बघू."

परेश विनोदिनीकडे वळला. "लोकांनी ऐकलं तर राहतो असं मी म्हटलं होतं, ते ठीक. पण जन्मभर दर वर्षी? कुणाला विचारून गुंतवलंस मला?"

"ऐकलं की नाही त्यांनी? सलग? एक माणूस उठला?" ती डोळे पुसत म्हणाली.

"नाही उठला," परेशने कबूल केलं. मग थोडं हसला. "हॉटेलवाल्याला सांगतो, देवाने सोडलं नाही म्हणून."

कृष्णनाथ काठी टेकत आले. विनोदिनीला वाटलं आता तरी म्हातारा पाठीवरून हात फिरवील.

"मागणां पुरां झालां तुझां," ते म्हणाले.

"झालं ना बाबा! आणि आता दर वर्षी हे असेच बसून—"

"तां कोणी सांगलां तुका?" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हसू होतं. "तू मागलंस, 'आज हय बसलेल्या लहानथोरांका'. आज बसले. त्यांचां फिटलां. तू मात्र म्हटलंस, 'दर वर्सा'."

सगळं गाऱ्हाणं विनोदिनीने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. आज. दर वर्सा. खरंच की! पलीकडे गोकुळदासांच्या हातात माइक परत गेला होता आणि ते पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची तारीख सांगत होते.

"म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही येऊन वाजवायचं, आणि ह्यांनी गप्पा मारायच्या?"

"मारतले."

"आणि तुम्ही सांगितलंत मला बदल्यात काहीतरी दे म्हणून! तुम्हाला कळत नव्हतं?"

"माका कळत होतां," कृष्णनाथ म्हणाले. "पण मागणारां तू. मी तुझ्या गाऱ्हाण्यात तोंड घालूचां? तुकाच मदी बोललेलां आवडत नाय मगे."

नाटकाच्या मृदंगावर थाप पडली. विनोदिनी संतापून वळली, चेलोची पेटी टेम्पोत चढवायला परेशला हात लावला, आणि पेटी आत सरकवता सरकवता म्हणाली, "तो मधला भाग उद्याच काढून टाकते. तिथे मागणं घालायचं आहे."

"काय मागणार?" परेशने विचारलं.

"विचार करायला वर्ष आहे," विनोदिनी म्हणाली. "पण या खेपेला 'आज' म्हणणार नाही."